खोडरबर

लांब बीप, तीनदा. मग गप्प.
मोईजभाई म्हणतात, मेला वाटतं.
मी म्हणतो, आधी तो चहा कीबोर्डवरून उचला.

नागदेवी स्ट्रीटवरचं सात फुटी दुकान,
बेअरिंगच्या खोक्यांतून अंग चोरत
मी टेबलाखाली शिरतो.
निम्मं आयुष्य माझं लोकांच्या टेबलाखालीच गेलंय,
शेठच्या मोज्याचं भोक बघत,
आणि अठ्ठ्याण्णव सालची ती पावती,
जिच्यावरून तेव्हा एका नोकराला काढलं होतं.

कॅबिनेट उघडतो. रॅम काढतो.
खिशातून खोडरबर,
पोरीच्या कंपासमधला, स्ट्रॉबेरीच्या वासाचा.
सोनेरी दातांवरून दोनदा फिरवतो.
फुंकर. खट्.
एकच बीप, आखूड,
आणि पडद्यावर मोईजभाईंचा नातू हसतो.

"किती?"
"पाचशे."
"रबर घासायचे पाचशे?"
घासायचे पाच, कुठे घासायचं त्याचे बाकीचे,
हा विनोद मी पूर्वी करायचो.
लोक खूप हसायचे
आणि तीनशे द्यायचे.
आता नुसता उभा राहतो.

धूळ बघून मी धंदा सांगतो.
सलूनवाल्याच्या पंख्यात केस,
शिंप्याच्या पंख्यात सातरंगी लव,
आणि लालबागला शेवंताबाई वाळुंजांकडे
प्रोसेसरवर संकेश्वरी मिरची, बोटभर थर.
ब्लोअर लावला की मी, बाई, कांडपवाली पोरं,
रस्त्यापलीकडचा केळेवाला, सगळे शिंकतो.
"व्हायरस असंल," बाई पदरानं डोळे पुसतात.
"असला तर मेला असेल, बाई. ठसका लागून."
इथेही रॅम. इथेही खोडरबर.
शिवाय अर्धा किलो मसाला, बिलातून वजा.

बुधवारी शेवटचा कॉल गिरगावातला.
अणावकरांचा छापखाना, लग्नपत्रिका आणि बिलबुकं.
हार्ड डिस्क टकटक करत होती,
आत कुणी कोंडलंय अशी.
"बॅकअप आहे का?"
"आहे की," म्हणत त्यांनी यूपीएस दाखवला.

मग साडेसहापासून मी एकेक फोल्डर उतरवत बसलो.
बावीस वर्षांची लग्नं.
चि. आणि चि. सौ. कां.,
आमच्या येथे श्रीकृपेकरून,
कृपया आहेर आणू नये,
माझ्या मामाच्या लग्नाला नक्की यायचं हं,
एक टक्का, दोन टक्के करत
सगळं वऱ्हाड या डिस्कवरून त्या डिस्कवर निघालेलं.

एकसष्ट टक्क्यांवर अडलं.
एकच फाइल.
नाव होतं: मृण्मयी, फायनल, छापू नये.
"ही सोडून देऊ का? बाकीचं वाचेल.
हिच्या नादात डिस्क जायची."
अणावकर चष्मा पुसत राहिले.
मशीन केव्हाच थांबलं होतं, रॉकेलचा वास तेवढा होता.
"ती पण घ्या," म्हणाले.
"वेळ लागला तर लागू दे."

लागला. चाळीस मिनिटं.
त्यांनी दोनदा चहा मागवला, दोन्ही वेळा एकच.
शेवटी ती आली.
उतरवलेली फाइल उघडून बघणं हे माझं काम आहे.
उघडली नाही.
त्यांनीही सांगितलं नाही.
नव्या डिस्कवर तारीख लिहून चिकटपट्टी लावली
आणि यूपीएस म्हणजे काय ते परत समजावलं.
बिलात ती चाळीस मिनिटं नव्हती.
पाकिटात होती.

घरी आलो तर पोरगी जागी.
उद्या गणिताची वही द्यायची,
भागाकार चुकलाय.
माझ्या शर्टाचा खिसा तिनंच चाचपला,
खोडरबर काढला, जोरात घासला.
पानभर काळा पट्टा.
"बाबा! तू परत घेतलास?"
मी जेवणाचं ताट पुढे ओढलं.

तिनं वही उचलली,
तो पट्टा नाकाशी नेला, स्ट्रॉबेरी राहिलीय का बघायला,
आणि शिंकली.
मग पुन्हा एकदा.